खिळीची बुगडी

"ही तुम्ही कुठून उचललीत?"

पुण्यातल्या एका प्रदर्शनाचा दुसरा दिवस होता. माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईंनी बुगडी दोन बोटांत धरून विचारलं. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला वाटलं, चांदी कुठली ते विचारतायत. म्हणून मी सांगितलं, की आम्ही हुपरीचे, कोल्हापूरजवळचे, आमच्या गावात घरोघरी चांदीकाम चालतं आणि ही बुगडी मी स्वतः घडवली आहे.

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "डिझाइन म्हणतेय मी. हे तर मुंबईच्या त्या ऑनलाइन दुकानाचं आहे."

त्यांनी फोन काढला, थोडा वेळ शोधलं आणि माझ्यापुढे धरला. पडद्यावर घाणेरीच्या फुलांची बुगडी होती, एका तळहातावर ठेवलेली. त्या हाताच्या अंगठ्याखाली भाजल्याचा बोराएवढा जुना डाग होता. मी माझा डावा हात उघडला आणि फोनच्या शेजारी धरला.

त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, चष्मा लावला आणि दोन्हींकडे पुन्हा पाहिलं.

"फोटो तुमचाच आहे की," त्या म्हणाल्या.

"बुगडीही माझीच आहे."

बाई भल्या होत्या. त्यांनी मनापासून माफी मागितली, आरशात बघून बुगडी कानाला लावली, दोन फेऱ्या मारून आल्या आणि काढून कान चोळला. मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, की त्यांच्या बहिणीने त्या दुकानाची घेतली आहे, ती दिवसभर घालते, तिला काही होत नाही. "तुमची दिसायला फार सुरेख आहे हो. पण टोचते."

त्या गेल्या. चोरीचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत राहिलं ते त्यांचं शेवटचं वाक्य.

ह्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. लग्न होऊन चौगुल्यांच्या घरात आले तेव्हा मला चांदीतलं काहीही येत नव्हतं. नवरा साखर कारखान्यात कारकून. घरचं चांदीकाम पुढे न्यायला कोणी नाही, म्हणून सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मला समोर बसवून तार ओढायला, रवे पाडायला, आच देऊन सांधायला म्हणजे झाळायला शिकवलं. रवे म्हणजे चांदीचे मोहरीएवढे गोल दाणे. बारा वर्षांनी आण्णा म्हणाले, आता तू माझ्यापेक्षा बारीक रवा पाडतीस. ते कौतुक सहज करत नसत.

घाणेरीची बुगडी ही माझी पहिली, स्वतःच्या मनाने केलेली वस्तू. उसाच्या बांधावर घाणेरी माजलेली असते, तिला कोणी फूल म्हणत नाही. पण जवळून बघितलं, तर एका गुच्छात पंचवीस-तीस इवली फुलं दाटून बसलेली असतात. कडेची मोठी, मधली मिटलेली. ती मी रव्यांत आणली. चार महिने लागले. हल्लीच्या बायकांचा वरचा कान टोचलेला नसतो, म्हणून मागे चाप लावला. मग हातावर ठेवून फोटो काढला आणि माझ्या पेजवर टाकला.

आण्णांना ते आवडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, दागिना पेटीत असावा नाहीतर अंगावर, फोनवर त्याचं काय काम? मी म्हणायचे, आण्णा, मला पेढी नाही, माझी पेढी म्हणजे हा फोनच. आणि पहिल्या दिवाळीला नागपूरपासून बेळगावपर्यंतच्या बायकांनी मागवल्या, तेव्हा ते गप्प बसले.

पुण्याहून आल्यावर मी पहिलं काम केलं, ते त्या दुकानातून एक जोड मागवली. नवऱ्याच्या नावाने, कारखान्याच्या पत्त्यावर. पाचव्या दिवशी डबी आली. आण्णांनी खिडकीशी बसून ती उघडली आणि भिंगाखाली धरली.

"पुढचं काम घाईचं हाय," ते म्हणाले. "फुलं बसलेली न्हाईत, नुसती चिकटल्यात. फोटोवरनं केलंय." मग त्यांनी बुगडी उलटी केली आणि मागची बाजू पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरू लागले.

मी विचारलं, काय झालं?

"हे मुंबईचं न्हाई. हुपरीचं हाय. चाप झाळलेला न्हाई बघ, खिळीवर बसवलाय, तारेच्या बारक्या खिळ्यावर. एवढी बारीक खिळी गावात एकच माणूस मारतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "भूपाल मगदूम."

भूपालकाका आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहायचे. साठी उलटलेला, एकटा कारागीर. येता-जाता मला ओळख द्यायचे, 'काय पद्मा, बरं हाय न्हवं,' एवढं विचारून पुढे जायचे. आमच्या घरी मात्र कधी आलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी माझं चोरावं, ह्याचा मला धक्का बसला. मी तशीच उठून निघाले होते. आण्णांनी थांबवलं. म्हणाले, भांडायला जायचं तर आधी आपला हक्क कुठवर आहे ते विचारून ये.

म्हणून मी कोल्हापूरला वकिलांकडे गेले. गौतमी सबनीस त्यांचं नाव. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोन्ही जोड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, की फोटो टाकण्याआधी तुम्ही ह्या नक्षीची नोंदणी केली होती का? मी म्हटलं, अशी काही नोंदणी असते हेच मला ठाऊक नाही.

"असते," त्या म्हणाल्या. "पण नक्षी नवी असेपर्यंतच. आणि जगाला दाखवली की ती नवी राहत नाही, दाखवणारे तुम्ही स्वतः असलात तरी."

फोटो माझा होता, त्यामुळे तो उतरवता येईल, असं त्या म्हणाल्या. मूळ फोटो फोनमध्ये तारखेसकट होता. त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं आणि आठवड्याच्या आत दुकानाने माझा तळहात काढून टाकला. त्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी कानावरची बुगडी आली. बुगडी तीच. त्यावर माझं काही चालणार नव्हतं.

"पुढची करा," वकीलबाई निरोप देताना म्हणाल्या. "आणि अर्ज दाखल होईपर्यंत ती कुणालाही दाखवू नका. बहिणीलाही पाठवू नका."

घरी येऊन मी कामाला बसले. पण हात पुढच्या नक्षीकडे जाईना. ती नक्कल केलेली बुगडी माझ्या समोर होती, आणि मी ती पालथी करून बघत होते. माझा चाप म्हणजे एक सरळ पट्टी होती, कान चिमटीत धरणारी. ह्यात तारेला एक पीळ होता, टोकाला मुगाच्या डाळीएवढी चकती, आणि ती कानाच्या घडीत अलगद बसत होती. फोटोत मागची बाजू दिसत नाही. समोरचं भूपालकाकांनी माझं घेतलं होतं, मागचं त्यांना स्वतःच्या डोक्यातून काढावं लागलं होतं. आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पुढचं सांगायला मला तेव्हा लाज वाटली असती, आता वाटत नाही. दोन दिवस खपून मी तो चाप जसाच्या तसा केला. पीळ मोजला, चकती मोजली, तार त्याच जाडीची घेतली. माझ्या घाणेरीला तो लावला आणि सकाळी कानात घातली. दुपारपर्यंत विसरून गेले, की कानात काही आहे. जेवायला बसले तेव्हा आण्णांचं लक्ष गेलं.

"चाप बदललास," ते म्हणाले.

"हो."

"भूपालचा."

मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. पुण्यात मी ज्या ताठ्याने हात पुढे केला होता, तो हात आता कुणी फोनशेजारी धरायला सांगितला असता, तर मी काय केलं असतं? मी ताटावरून उठले, दोन्ही बुगड्या रुमालात घेतल्या आणि तीन गल्ल्या ओलांडून भूपालकाकांच्या दारात उभी राहिले.

ते पाटावर बसून पैंजणाच्या कड्या जोडत होते. मला पाहून त्यांनी फुंकणी खाली ठेवली. आलीस व्हय, बस, म्हणाले. जणू वाटच बघत होते.

मी रुमाल उलगडला. त्यांनी आधी स्वतःची बुगडी पाहिली आणि बाजूला ठेवली.

"तुझी हाय हे पैल्याच दिवशी कळलं हुतं," ते म्हणाले. "असला रवा गावात दुसरं कोन पाडतंय? त्या मुंबईच्या दुकानाला माल देणाऱ्या व्यापाऱ्यानं फोटो पाठवला, तीनशे जोड कर म्हणला. सहा महिने हाताला काम न्हवतं, पद्मा. केलं."

ते सबब सांगत नव्हते, झालं ते सांगत होते. मी माझी बुगडी पालथी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आणि मी हे केलं," मी म्हटलं.

त्यांनी ती उचलली. खिडकीकडे धरली. चाप दोनदा उघडून मिटला.

"खिळी चुकली तुझी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"खिळी मारलीस, पन वरनं झाळूनबी घेतलंस. आच लागली की चांदी मऊ पडती. आज बरी बसंल, म्हैन्याभरानं ढिली पडून गळंल. तार थंडच ठोकायची, मग ती ताठरती. आन् एकदा ताठरली की तिला आगीजवळ न्यायचं न्हाई. म्हणून तर खिळी."

ज्याच्याशी भांडायला आले, तो माणूस मला शिकवत होता. मी तिथेच, उंबऱ्याजवळ बसून, विचारून टाकलं. म्हटलं, काका, पुढची बुगडी आपण दोघांनी मिळून करू. पुढचं माझं, मागचं तुमचं. वकिलांकडून नोंदणी करू, दोघांच्या नावावर.

त्यांना त्याचं हसू आलं. नाव घेऊन मी काय करू, म्हणाले. व्यापाऱ्याला कळलं तर आहे ते कामही जाईल. मी पुन्हा पुन्हा सांगून बघितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचे हात पुन्हा कड्यांकडे गेले होते. शेवटी मी उठले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "सासऱ्याला इचार जा. खिळीची पैंजण पयली कुणी केली, ते."

खिळीची पैंजण आमच्या घराण्याची. निदान मी तसं समजत होते. झाळ न लावता, बारीक खिळ्यांवर फिरणाऱ्या कड्यांची ती पैंजण आण्णा चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने घडवत होते; मला त्यांनी ते काम कधी दिलं नव्हतं. तिच्यावर आमचं घर उभं राहिलं होतं. सांगलीपर्यंतच्या पेढ्यांवर तिला चौगुल्यांची पैंजण म्हणत.

घरी येऊन मी विचारलं. आण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

"त्यानंच," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसून काम करायचा तवा. एक जोड करून दाखवायला आणली हुती. मी बघितली, बरी हाय म्हणलं, आन् दुसऱ्या म्हैन्यात वीस जोड करून पेढीवर घातल्या. त्यानं मला कधी इचारलं न्हाई, मी त्याला कधी सांगितलं न्हाई. माझ्या शेजारचं काम तेवढं सोडलं त्यानं."

"तुम्ही त्यांना काही बोललाच नाहीत?"

"गावात सगळेच करत्यात. चोरी म्हणायची रीतच न्हवती." त्यांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. "पण मला म्हाईत हुतं."

मग ते उठले आणि पायात चपला सरकवल्या. मी बरोबर गेले. त्या घरात आण्णा चाळीस वर्षांत गेले नव्हते. भूपालकाका उठून उभे राहिले. दोघेही म्हातारे एकमेकांकडे न बघता, दोन बाजूंच्या भिंतींकडे बघत उभे होते.

"भूपाल," आण्णा म्हणाले, "पैंजण तुझी. मी इचारायला पायजे हुतं."

भूपालकाकांनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि आण्णांच्या हातात दिला. आण्णा पाणी प्याले. मग दोघे बसले आणि चांदीच्या भावावर बोलू लागले, तासभर. मला कोणी विचारलंही नाही. निघताना भूपालकाका मला म्हणाले, उद्या सकाळी ये, तुझं नवीन फूल काय ते घेऊन ये.

नवीन फूल बाभळीचं होतं. नुसत्या रव्यांचा गोल झुबका. मी आधी चाप मागे लपवायच्या खटपटीत होते. काकांनी दोन दिवस ते हातात फिरवलं आणि म्हणाले, लपवायचं कशाला? बाभळीला काटा असतोच की. त्यांनी तारेची दोन टोकं झुबक्याच्या खालून पुढे आणली, पांढरी, लांब, टोकदार दिसतील अशी. हात लावला तर बोथट. त्या दोन काट्यांनी बुगडीचं रूपच पालटलं. ते मला कधीच सुचलं नसतं.

त्या अडीच महिन्यांत मी एकही फोटो काढला नाही. माझा फोन कामाच्या खोलीत येत नसे. बहिणीने विचारलं, सध्या काय चाललंय, तर तिला म्हटलं, लोणची. वकीलबाईंनी अर्जासाठी लागणारी चित्रं स्वतःच्या देखरेखीखाली काढून घेतली. त्यांनी मला आधीच बजावलं, की नोंद दिसण्याची होते, मागचा चाप कसा चालतो ते ह्यात येत नाही; ते सांभाळायचं तर त्याचा फोटोच टाकू नका. मग विचारलं, नाव एकाचंच घालायचं का? सोपं पडतं. मी म्हटलं, दोन. काटे त्यांचे आहेत.

भूपालकाका सहीसाठी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून कोल्हापूरला आले. कागदावर त्यांचं नाव छापलेलं होतं, 'भूपाल दादू मगदूम', आणि त्यापुढे इंग्रजीत काहीतरी. ते काय आहे, असं त्यांनी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "नक्षीचे मालक." काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिलं, त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी. सही मात्र एका दमात केली.

अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक आला, त्याच दुपारी मी फोटो टाकला. फक्त पुढच्या बाजूचा. खाली आमची दोघांची नावं, नोंदणीचा अर्ज दाखल केल्याची ओळ, आणि ह्या वेळी फोटोवरच, कापून टाकता येणार नाही असं, फुलाच्या मधोमध पुसट अक्षरांत नाव. संध्याकाळपर्यंत फोन वाजायचा थांबेना.

आता वाट बघायची होती, आणि ती फार बघावी लागली नाही. सोळाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी काकांकडे तार ठोकत बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात गुंतलेले होते, म्हणून मी बटण दाबून फोन पाटावर ठेवला. आवाज मोठ्याने येऊ लागला.

"मगदूम, फोटो टाकलाय बघा," व्यापारी म्हणाला. "काटेवाली बुगडी. जोरात चालणार आहे ही. पाचशे जोड पाहिजेत, गणपतीच्या आत."

काकांनी हात पुसले. चष्मा लावला, फोन जवळ घेऊन फोटो नीट पाहिला. मी टाकलेलंच छायाचित्र होतं. मधलं नाव कुणीतरी खोडून काढायचा प्रयत्न केला होता, तिथे रवे गढूळ दिसत होते.

"हे जमायचं न्हाई," काका म्हणाले.

"का? अवघड आहे का?"

"अवघड काय त्यात? माझी हाय ती."

व्यापाऱ्याने विचारलं, तुमची म्हणजे काय?

"माझी म्हंजे माझी. सरकारदरबारी अर्ज हाय. चौगुल्यांच्या पद्माचं नाव हाय आन् खाली माझं. आमास्नी न इचारता गावात कुनालाबी करायला दिलीस, तर वकीलबाईंचं पत्र यील तुला. मागं तुमच्या दुकानाला आलं हुतं तसलं."

हे सगळं ते न थांबता, आवाज न चढवता बोलले. मी हातोडी तशीच धरून बसले होते. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. नंतर व्यापाऱ्याचा सूर बदलला. तुम्ही म्हणजे घरचेच, तो म्हणाला, मग असं करू, दुकानात तुमच्या दोघांच्या नावानेच ठेवू, आकड्याचं बसून बोलू, मी उद्याच हुपरीला येतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. उत्तर त्यांचं होतं.

"उद्या न्हाई," काका म्हणाले. "उद्या मला सवड न्हाई. आमी दोघं इचार करू, मग तुला कळवू."

व्यापारी अजून बोलतच होता. चाळीस वर्षं त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हाकेला ओ देत आलेल्या भूपालकाकांनी बोट पुढे केलं आणि फोन बंद केला.